देवीचा संसार

सप्तशतीचा पाठ ज्यांच्या कानांवरून लहानपणापासून गेला असेल, त्यांना त्यातील एक गोष्ट स्मरत असेल. महिषासुराचा वध होतो. देव हात जोडून स्तुती करतात. देवी प्रसन्न होते, पुन्हा संकट आले तर माझे स्मरण करा असा वर देते आणि अंतर्धान पावते. पुढे शुंभ-निशुंभ मातले, देवांना तो वर आठवला आणि हिमालयावर जाऊन त्यांनी तिला हाक घातली, म्हणजे ती पुन्हा प्रकट होते. मधल्या काळात ती कोठे होती, काय करीत होती, याविषयी मार्कंडेय पुराण एक अक्षर बोलत नाही. आणि ऐकणाराही ते कधी विचारीत नाही. अवताराला कार्य असते. कार्य संपले की अवतार संपतो.

महाराष्ट्राने या मधल्या काळाची थोडी अधिक काळजी वाहिली आहे. तुळजापूरची भवानी वर्षातून तीन वेळा सिंहासनावरून उतरून पलंगावर निद्रा घेते : शारदीय नवरात्राच्या आधी, दसऱ्यानंतर, आणि पौषातील शाकंभरी नवरात्राच्या आधी. दसऱ्यानंतरच्या निद्रेला श्रमनिद्रा असे नाव आहे. नऊ दिवसांचे युद्ध झाले, सीमोल्लंघन झाले, आता आश्विनी पौर्णिमेपर्यंत तिला विसावा. लढणाऱ्यालाही श्रम होतात, ही जाणीव मला मोठी हृद्य वाटते.

श्रोतेहो, देवीचे हे स्मरण करण्याचे कारण निराळेच आहे. २००६ साली बंगळूर शहरातील एका चित्रशाळेतून 'देवी' या नावाची एक इंग्रजी कॉमिक्स-मालिका निघू लागली. ज्या अतिमानवी नायकांना आपली मुले सुपरहिरो म्हणतात, त्यांच्या पंक्तीला आपल्या पुराणांतील शक्तीला नेऊन बसविण्याचा तो एक गंभीर आणि खर्चिक प्रयत्न होता. २० अंक निघाले आणि २००८ मध्ये ती थांबली. तिच्या आरंभाविषयी पुष्कळ लिहिले गेले, शेवटाविषयी थोडे. मला आज बोलावयाचे आहे ते मधल्या अंकांविषयी. पहिले मोठे कथानक संपले आहे, दुसरे अजून उभे राहिलेले नाही, आणि नायिका मात्र दरमहा दुकानात हजर झालीच पाहिजे, अशा अवस्थेत अशा मालिकेचे काय होते, हा माझा विषय आहे.

प्रथम या धंद्याची रीत थोडी समजून घेतली पाहिजे. अमेरिकेत अशा मालिकेचा अंक महिन्याला एक, आणि त्यात कथेची वीस-बावीस पाने. लेखक संहिता लिहितो, एक चित्रकार पेन्सिलीने चित्रे काढतो, दुसरा त्यांवर शाई फिरवितो, तिसरा रंग भरतो, चौथा फुग्यांतील अक्षरे बसवितो. चार-सहा अंकांत एक कथानक पुरे होते. मग त्या अंकांचा एकत्र संग्रह पुस्तकरूपाने निघतो आणि ग्रंथालयांत, मोठ्या दुकानांत जाऊन बसतो. या पुस्तकाच्या मापानेच कथानके बेतली जातात. परंतु दोन कथानकांमध्ये जी फट राहते ती काही माप पाहून पडत नाही. लेखक बदलतो, चित्रकार मागे पडतो आणि एखादा अंक दुसऱ्याकडून काढून घ्यावा लागतो, पुढच्या महायुद्धाची तयारी व्हावयाची असते. मग एखादा किरकोळ चोर पकडला जातो, एखादा जुना शत्रू डोकावून जातो. वाचकाला वाटते, गाडी स्टेशनाबाहेर सिग्नलपाशी उभी आहे.

कीर्तनाच्या श्रोत्यांना या फटीची ओळख आहे. पूर्वरंग संपतो, उत्तररंगाचे आख्यान सुरू व्हावयाचे असते. त्या वेळी बुवांच्या गळ्यात हार पडतो, बुक्का लागतो आणि भजन चालते. ती रिकामी वेळ कोणास रिकामी वाटत नाही, कारण तिला स्वतःचे असे काही दिलेले आहे. चांगल्या कॉमिक्स-मालिकांनीही हेच केले. स्पायडर-मॅन हा नायक ऑगस्ट १९६२ मध्ये प्रथम आला आणि तेव्हापासून त्याची किती युद्धे झाली याची मोजदाद त्याचे भक्तच करोत. पण त्याच्या ज्या कथा वाचकांनी उराशी धरल्या, त्यांपैकी एक जानेवारी १९८४ च्या अंकातील ११ पानांची आहे. तीत युद्ध नाही. एका लहान मुलाने स्पायडर-मॅनविषयीची कात्रणे जमवून ठेवली आहेत. नायक रात्री खिडकीतून त्याच्याकडे येतो, गप्पा मारतो आणि मुलाच्या आग्रहावरून आपला मुखवटा काढून दाखवितो. शेवटी कळते की मुलाला रक्ताचा कर्करोग आहे आणि त्याचे थोडेच दिवस उरले आहेत. रॉजर स्टर्न या लेखकाने ही कथा एका सामान्य मारामारीच्या मागे, त्याच अंकात जोडून दिली होती. अंकाचा पुढचा भाग कोणाला आठवत नाही.

मराठी वाचकाला याहून जवळचे उदाहरण वेताळाचे. ली फॉक यांचा फॅन्टम १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकन वृत्तपत्रांत जन्मला. आपल्याकडे मार्च १९६४ पासून मुंबईहून निघू लागलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून तो आला आणि मराठीत वेताळ या नावाने घरोघर झाला. फॉक यांनी एक युक्ती केली होती. वेताळ अमर आहे असे जंगलातील लोक समजतात. वस्तुतः ती बापाकडून मुलाकडे चालत आलेली गादी आहे, आणि आपण वाचतो तो एकविसावा. त्यामुळे एक साहस संपून दुसरे सुरू होईपर्यंत लेखकाच्या हाती कवटीची गुहा होती, गुहेतील पूर्वजांच्या बखरी होत्या, बुटके बांदार लोक होते, आणि डायना होती. हिच्याशी लग्न करावयास या गृहस्थाने १९७७ साल उजाडू दिले! पुढे दोन वर्षांत जुळी मुले झाली. समुद्रावरचे चाचे त्याने कितीदा बुडविले हे आज सांगता येणार नाही. पण लग्नाचा अंक पुष्कळांना आठवतो. वेताळाला संसार होता.

संसार हा शब्द मी हेतुतः वापरीत आहे. बंगळूरच्या देवीचे पहिले ५ अंक पुस्तकरूपाने निघाले त्याचे नाव 'नमः' असे होते, आणि त्यानंतरच्या दुसऱ्या पुस्तकाचे नाव होते 'संसार'. तेथे तो शब्द अर्थातच संस्कृतातील, जन्ममरणाच्या फेऱ्याचा वाचक आहे. मराठीत मात्र संसार म्हणजे घर, भांडीकुंडी, भाडे, दुखणीबाणी, रुसवे. त्या मालिकेला कमी पडला तो हा मराठी अर्थाचा संसार, असे माझे मत झाले आहे.

मालिका काढणारी संस्था व्हर्जिन कॉमिक्स. इंग्लंडातील उद्योगपती रिचर्ड ब्रॅन्सन, दीपक चोप्रा आणि चित्रपट-दिग्दर्शक शेखर कपूर यांची नावे तिच्याशी निगडित होती. प्रत्यक्ष कारभार शरद देवराजन, गौतम चोप्रा आणि सुरेश सीतारामन या मंडळींकडे होता. चित्रे बंगळुरात होत, विक्रीचा व्यवहार न्यूयॉर्कमधून चाले. बंगळूरचा आणि कॉमिक्सचा ऋणानुबंध तसा जुना आहे. १९६७ साली सुरू झालेल्या अमर चित्र कथेची पहिली दहा पुस्तके पाश्चात्य परीकथांची आणि कन्नडमध्ये निघालेली होती, आणि ती निघण्यामागे जी. के. अनंतराम या बंगळूरच्या पुस्तक-व्यावसायिकाचा पुढाकार होता. अमर चित्र कथेचा 'कृष्ण' हा ११ व्या क्रमांकापासून का मोजला जातो, याचे उत्तर त्यात आहे. तथापि अनंत पै यांना आपला आजचा प्रश्न कधी पडला नाही. त्यांचे प्रत्येक पुस्तक स्वयंपूर्ण असे. सावित्रीची कथा संपली की पुढच्या पुस्तकात दुसरे कोणी. सावित्रीने पुढच्या महिन्यात काय करावे, ही विवंचना संपादकास नव्हती.

देवी ही कल्पना शेखर कपूर यांची. सीतापूर नावाचे एक महानगर आहे. उत्तर प्रदेशातील सीतापूर म्हणून ते ओळखू येणार नाही, ते कल्पनेतलेच समजावयाचे. तेथे तारा मेहता नावाची तरुणी राहते. देवांतून फुटलेला बाला नावाचा शत्रू पुन्हा बळावत आहे आणि त्याच्याशी लढण्यासाठी प्राचीन काळी देवांनी निर्माण केलेली शक्ती या मुलीच्या देहात अवतरावयाची आहे. दुरपस्य नावाचा एक गूढ पंथ त्यासाठी तिच्यावर पाळत ठेवून आहे. ताराला स्वतःला यातले काही नको आहे. आरंभ उत्तम आहे, हे कोणीही मान्य करील. मुकेश सिंग या चित्रकाराने पहिल्या अंकांत जे सामर्थ्य दाखविले ते अमेरिकेतील कोणत्याही नामांकित मासिकाला शोभावे. त्याच्या देवीच्या अंगावरील शस्त्रे आणि आभूषणे पाहताना दाक्षिणात्य शिल्पांची आठवण होते, आणि पाने उलटण्याची घाई होत नाही.

पाच अंकांत अवतार झाला. आता पुढे काय?

येथे पुराणाची रीत आणि मासिकाची रीत एकमेकींच्या आड आल्या. पुराणातील देवी येथे अंतर्धान पावली असती. मासिकातील देवीला सहाव्या अंकात यावयाचे होते, सातव्यात यावयाचे होते. शिवाय तिचा शत्रू इतका प्रचंड कल्पिलेला की त्याचा पूर्ण पराभव केला तर मालिका संपेल, आणि न करावा तर नायिका दुबळी ठरेल. मग मधल्या अंकांत काय घालावे? किरकोळ चोर तिच्यासमोर उभा करता येत नाही. चिलटावर तोफ डागल्यासारखे होते. साहजिकच देवलोकांतील राजकारण, पंथाची गुपिते, शत्रूचे हस्तक, नवे मारेकरी अशी एकामागून एक भर पडत गेली. पहिले दोन अंक सिद्धार्थ कोटियन यांनी लिहिले, तिसऱ्यापासून दहाव्यापर्यंत समित बसू यांनी, अकराव्यापासून विसाव्यापर्यंत सौरव महापात्र यांनी. बसू हे कादंबरीकार, आणि विनोदाची चांगली जाण असलेले. त्यांच्या हाती तारा थोडी बोलू लागली, चिडू लागली, थट्टा करू लागली. हीच वाट धरावयास हवी होती. परंतु ती कोणत्या गल्लीत राहते, भाजी कोठून आणते, तिच्या घरमालकिणीला तिच्याविषयी काय वाटते, देवी झाल्यावर तिची नोकरी कशी टिकते, हे वाचकाच्या मनात घर करील इतके त्या अंकांतून उमटले नाही. सीतापूर सदा अंधारलेले, सदा भव्य. त्याला एकही रस्ता असा नाही की जेथे आपण पूर्वी उभे राहिलो आहोत.

मला याचे राहून राहून नवल वाटते. चित्रशाळेच्या खिडकीबाहेर बंगळूर शहर होते. जुन्या पेठा, कँटोन्मेंट, नव्या काचेच्या इमारती, बाहेरगावाहून नोकरीसाठी येऊन खोली घेऊन राहणाऱ्या हजारो तरुणी. तारा मेहताला जे हवे होते ते सगळे त्या रस्त्यांवर चालत होते. त्याऐवजी कुठलेच नसलेले एक शहर काढले गेले. मला दिसते ते कारण असे की, अंक मुख्यतः ज्यांनी विकत घ्यावयाचा ते वाचक अमेरिकेत होते आणि त्यांना भारत ओळखू यावा, पण अडखळू नये, असा हिशेब होता. परक्या वाचकासाठी भव्यता चालते. घरगुती बारकावे समजावून सांगावे लागतात.

त्या हिशेबाची दुसरी बाजू बाजाराची होती. अमेरिकेतील कॉमिक्सची दुकाने साधारण दोन महिने आधी मागणी नोंदवीत, आणि न खपलेला अंक सहसा परत घेतला जात नसे. दुकानदाराने डोळे मिटून घ्यावयाचे ते नाव पाहून. पहिल्या अंकाला नवलाईची मागणी येते, दुसऱ्याला कमी, तिसऱ्याला आणखी कमी. ही उतरंड बहुतेक प्रत्येक मालिकेची असते. जुन्या घराण्यांतील नायकांना ती सोसते, कारण त्यांच्यामागे चाळीस-पन्नास वर्षांची सवय असते, आणि मधला पडता काळ दुसऱ्या नायकांच्या खपावर निभावून नेता येतो. नव्या नायिकेला दोन कथानकांमधला हा उताराचा काळ म्हणजे परीक्षेचा काळ. अंकाची किंमत जवळजवळ तीन डॉलर. दरमहा तेवढे पैसे मोजून सिग्नलपाशी उभ्या असलेल्या गाडीत बसून राहणारे वाचक किती मिळणार? २००८ मध्ये अमेरिकेतील विचब्लेड या नायिकेबरोबर देवीची भेट घडवून आणली गेली. दोन मालिकांचे नायक एकत्र आणण्याचा हा उपाय त्या धंद्यात फार जुना आहे. पाहुणा आला की घरात चार दिवस चहलपहल होते, एवढेच.

त्याच वर्षी जगाच्या बाजारावर मंदीचे सावट होते. ऑगस्ट २००८ मध्ये व्हर्जिन कॉमिक्सची न्यूयॉर्कची कचेरी बंद झाली. चालकांनी संस्था स्वतःकडे घेतली आणि पुढच्याच महिन्यात तिचे लिक्विड कॉमिक्स असे नामकरण झाले. देवीचा एकविसावा अंक निघाला नाही.

एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण तिच्यावर पुष्कळ अवलंबून असते. अशा मालिकेतील पात्र काढणाऱ्याचे किंवा लिहिणाऱ्याचे नसते. ते संस्थेचे असते. पुराणातील देवी कोणाची नाही म्हणून ती कोणीही गावी, गोंधळ्याने गावी, कीर्तनकाराने गावी, मूर्तिकाराने घडवावी. तारा मेहताचे तसे नाही. उद्या बंगळूरच्याच एखाद्या तरुण चित्रकर्तीच्या मनात आले की हिला आपण मल्लेश्वरममध्ये एक खोली घेऊन देऊ आणि तेथून पुढे गोष्ट चालवू, तर तिला ते परवानगीवाचून करता येणार नाही.

याच मंडळींच्या हातून घडलेली दुसरी एक कथा या दृष्टीने ताडून पाहण्यासारखी आहे. २००४ साली, व्हर्जिनच्या आधी, गॉथम या नावाने काम करीत असताना, देवराजन, सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी अमेरिकेतील मार्व्हल संस्थेच्या संमतीने भारतीय स्पायडर-मॅन काढला. नायकाचे नाव पवित्र प्रभाकर. खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईच्या शाळेत आलेला, माया मावशी आणि भीम काका यांच्याजवळ राहणारा, धोतर नेसून भिंती चढणारा मुलगा. त्याला शक्ती मिळते ती एका योग्याकडून. धोतराची तेव्हा थोडी टिंगलही झाली. अंक निघाले अवघे ४, आणि पवित्र प्रभाकर दहा वर्षे झोपी गेला. २०१४ मध्ये निरनिराळ्या विश्वांतील स्पायडर-मॅन एकत्र येण्याचे एक प्रचंड कथानक मार्व्हलने उभे केले, त्यात त्याला हाक आली. २०२३ मध्ये तो चित्रपटात आला आणि त्याच वर्षी त्याची स्वतःची नवी मालिकाही निघाली. ४ अंकांचा नायक जागा झाला आणि २० अंकांची नायिका झोपली आहे, याचे एक कारण उघड आहे : तो ज्या घराचा होता त्या घरात दिवा अखंड जळत होता. पण दुसरेही कारण मला दिसते. त्याला मावशी होती, काका होते, शाळेत मीरा जैन होती, फी होती. कोणी दहा वर्षांनी त्याला उठविले तरी त्याने जावयाचे कोठे, हे ठरलेले होते.

त्या बंगळूरच्या चित्रशाळेत देवीबरोबर 'रामायण ३३९२' हीही मालिका चालली होती. शामिक दासगुप्ता यांची संहिता आणि अभिषेक सिंग यांची विलक्षण चित्रे. तीही पूर्णत्वास गेली नाही, परंतु दोन कथानकांमध्ये ती तशी भरकटली नाही. अरण्यकांडानंतर किष्किंधा आहे आणि किष्किंधेनंतर सुंदरकांड आहे, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक आणि वाचणाऱ्यालाही ठाऊक. वाल्मीकींनी रूळ आधीच टाकून ठेवले आहेत. पुढे देवराजन आणि जीवन कांग ग्राफिक इंडिया या संस्थेत पुन्हा एकत्र दिसतात. २०१३ मध्ये स्पायडर-मॅनच्या जनकांपैकी एक असलेल्या स्टॅन ली यांच्याबरोबर 'चक्र' हा मुंबईचा नवा बालनायक संस्थेने पडद्यावर आणला. परंतु २०२१ पासून या दोघांच्या नावावर, चारुवी अगरवाल यांच्यासह, जी मोठी मालिका पडद्यावर आली आणि अनेक भाग चालली ती हनुमानाची. तीत हनुमानाने पुढे कोठे जावयाचे हा प्रश्न नव्हता. लंकेला जावयाचे होते.

देवीची पुस्तके अजून जुन्या पुस्तकांच्या बाजारात सापडतात. 'संसार' हाती लागला तर अवश्य पाहावा. युद्धाची पाने भराभर उलटली तरी चालेल. मध्ये मध्ये अशा दोन-तीन चौकटी येतात की ज्यांत तारा कोणाशी लढत नाही, नुसती एकटी असते, आणि आपल्या अंगात हे काय शिरले आहे याचा विचार करताना दिसते.